दहाव्या रेघेपर्यंत

काचेच्या नळीने थोडंसं पाणी काढण्यासाठी संग्रहपाल बाईंनी बाटलीचं बूच सैल करायला घेतलं, आणि सूनबाईंनी त्यांचा हात धरला.

"एवढ्यात नको. आधी चहा घेऊन या तुम्ही."

"आत्ताच झालाय, मावशी."

सूनबाईंनी हात मागे घेतला खरा, पण नजर बाटलीवरून हलेना. सासूबाई जाऊन एकोणीस वर्षं झाली होती, स्वतःच्या घरात सून आली होती, तरी सगळी गल्ली त्यांना सूनबाईच म्हणे. एरवी त्यांना त्याचं हसू यायचं. आज ते नाव अंगाला टोचत होतं.

संग्रहालय एका जुन्या गोदामात होतं. एके काळी इथे जहाजांतून उतरलेला माल ठेवत. आता जहाजांतून उतरलेल्या माणसांच्या वस्तू होत्या. भिंतीला लागून पत्र्याच्या ट्रंका, गुंडाळलेल्या वळकट्या, एकाच पायाचा बूट, कुणाच्या तरी बाळाचं झबलं. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधलेली. बाहेरच्या पाण्यावरून उसळलेलं ऊन उंच खिडक्यांतून आत येऊन छतावर हलत होतं, आणि सूनबाईंना बसल्या जागी डुलल्यासारखं होत होतं. जहाज त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पण सासूबाईंच्या तोंडून तो प्रवास इतक्यांदा ऐकला होता, की कधीकधी पहाटे जाग येताना त्यांना दोरखंडांची करकर ऐकू यायची आणि खोलीचं दार कुठल्या बाजूला आहे तेच कळेनासं व्हायचं.

बाटली औषधाची होती, अंगावर डोसाच्या बारा रेघा असलेली. सासरे जहाजावर तापाने गेले, एकतिसाव्या दिवशी. आधी औषध संपलं आणि मग ते. त्यांना पाण्यात सोडलं तेव्हा एका खलाशाने त्याच जागी बादली बुडवून वर ओढली. ते पाणी सासूबाईंनी रिकाम्या बाटलीत भरून घेतलं, दहाव्या रेघेपर्यंत. धक्क्यावर उतरल्या तेव्हा त्यांच्या कडेवर दोन वर्षांचा मुलगा होता आणि हातात ही बाटली. पुढे ती घरातल्या फडताळात, वरच्या खणात राहिली. वर्षातून एकदा टेबलावर येई. पोरं तिला कान लावून बसत आणि सासूबाई प्रवास सांगत.

"एवढं तपासायचं काय असतं त्यात?" सूनबाईंनी विचारलं. येताना धाकटीनेही रस्त्यात दोनदा तेच विचारलं होतं, पाणी तपासणार आहेत का हो, आई? धाकटी म्हणजे त्यांची सून. ती बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"नेहमीचंच. बूच कुजत नाही ना, काच खराब होत नाही ना, ते बघायचं. समुद्राचं पाणी वेगळं असतं ना, म्हणून."

सूनबाईंनी बाटलीवरची नजर काढून घेतली.

"ते समुद्राचं नाहीये," त्या म्हणाल्या. "नळाचं आहे."

संग्रहपाल बाईंनी बाटली हलकेच टेबलावर ठेवली.

"लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात फडताळ पुसताना बघितलं, तर पाणी दोन रेघा उतरलेलं. बूच जुनं, उडणारच ते. सासूबाई त्या बाटलीशी बोलायच्या हो, मी ऐकलंय. म्हटलं, यांना कळलं तर माणूस दुसऱ्यांदा गेल्यासारखं होईल. मग नळाचं पाणी घातलं, चिमूटभर मीठ टाकून. दर उन्हाळ्यात. त्या गेल्या तरी माझी सवय सुटली नाही. गेला उन्हाळा तेवढा चुकला. पाय मोडून दोन महिने अंथरुणात होते. उठून बघते तर पाणी जागच्या जागी. उन्हाळा कमी होता म्हणून निभावलं." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आता तुम्ही चिठ्ठीवर लिहाल नळाचं पाणी म्हणून. लोक वाचतील, हसतील. लबाडी माझी, आणि खोट्या ठरतील त्या."

संग्रहपाल बाईंनी उठून कपाटातून एक लिफाफा आणि जुना टेपरेकॉर्डर आणला.

"पंचवीस वर्षांपूर्वी आमची माणसं तुमच्याकडे आली होती. प्रवासाच्या आठवणी रेकॉर्ड करायला."

"आठवतंय की. मला खोलीबाहेर काढलं होतं सासूबाईंनी."

"दोन कॅसेटी आहेत. एक सगळ्यांसाठी. दुसरीवर लिहिलंय, बाटली इथे येईल तेव्हा सूनबाईंना ऐकवणे, आधी कुणी ऐकू नये. आम्हीही ऐकलेली नाही. पाणी काढून झालं की लावणार होते."

बटण दाबल्यावर बराच वेळ नुसती खरखर आली. मग तो आवाज आला, आणि सूनबाईंनी नकळत पदर सारखा केला.

"चालू झालं का हे? दिवा लागलाय, म्हणजे झालं असेल. सूनबाई, नेलीस ना बाटली? आणि घाबरून बसली असशील. अगं, माझे डोळे अधू झालेत, जीभ नाही. दर वर्षी बूच काढून बोटाने चाखते मी. मीठ फार घालतेस तू. समुद्र काही एवढा खारट नसतो."

सूनबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"तू यायच्या आधी तेवीस वर्षं मीच भरत होते. पहिल्याच उन्हाळ्यात पाणी उतरलं. दिवसभर रडले, मग उठले आणि बाटली नळाखाली धरली. करणार काय. ह्यांना पाण्यात सोडलं तेव्हा घरचं माणूस म्हणून मी एकटी. एका हातात झोपलेलं पोर, दुसऱ्या हातात कठडा. शेवटचा हातसुद्धा लावता आला नाही मला. परक्यांनी सोडलं त्यांना. ते फार सलायचं. मग एक दिवस पाणी जास्तच खारट लागलं, आणि कळलं की आता तूही हात लावतेस. तेव्हापासून नाही सललं. चिठ्ठीवर काय लिहायचं ते लिहू देत त्यांना. बंद करते आता हे."

सूनबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. अठ्ठेचाळीस वर्षांचं ओझं असं मिठावरून उतरेल असं त्यांना वाटलं नव्हतं. छतावरचं ऊन हलत राहिलं. संग्रहपाल बाईंनी चष्मा काढून उगाचच पुसला आणि चिठ्ठी पुढे ओढली.

"निगा कुणी राखली, असा एक रकाना असतो. आधी सासूबाई, मग तुम्ही. एवढंच ना?"

सूनबाई हो म्हणणार होत्या. पण त्यांची नजर बाटलीवर गेली. पाणी बरोबर दहाव्या रेघेवर होतं. गेल्या उन्हाळ्यात प्लास्टरखाली घामाने जीव नकोसा झाला होता, रात्र रात्र पंख्याने वारा घ्यावा लागला होता. तो उन्हाळा कमी होता असं आपण म्हणालो तरी कसं?

"ती नळी द्या बघू जरा."

थेंबभर पाणी त्यांनी बोटावर घेतलं आणि जिभेला लावलं. खारट होतं, पण बेताचंच. हे त्यांच्या हातचं नव्हतं.

"लिहायचं थांबा," असं म्हणून त्या दारापाशी गेल्या. दार उघडताच धाकटी बाकावरून उठून उभी राहिली. तिने पिशवी छातीशी धरली होती आणि तिचा चेहरा पार उतरला होता.

"काय म्हणाले, आई?"

"मीठ बेताचं आहे म्हणाले," सूनबाई म्हणाल्या. "ये आत. तुझंही नाव लिहायचंय."