हाजी शाझलींची चौकशी

त्या काळी स्फाक्स शहरात ऑलिव्हचा हंगाम सुरू झाला की गल्लीबोळांत ताज्या तेलाचा उग्र वास भरून राही, वाळत घातलेल्या कपड्यांनाही तो चिकटे. या वासाचे सगळ्यात मोठे धनी होते हाजी शाझली. सगळ्या शहराला तेल पुरवतील एवढे त्यांचे घाणे. पण बहिऱ्या मुलींची शाळा चालवणाऱ्या संस्थेला त्यांनी कधी दमडी दिली नव्हती.

संस्थेची चिटणीस होती मुंजिया. तिची धाकटी बहीण जन्मापासून बहिरी. तेव्हा शाळा नव्हती, म्हणून ती पोर स्वयंपाकघरातच मोठी झाली आणि तिथेच तिचे केस पिकले. मुंजियाने शाळेसाठी कंबर कसली ती त्यामुळेच.

त्या उन्हाळ्यात शाळेच्या वरच्या मजल्याचे छत खचले. सुट्टी संपेपर्यंत दुरुस्ती झाली नाही तर खोल्यांना कुलूप लागेल, असे नगरपालिकेच्या माणसाने बजावले. वर खेड्यांतल्या मुली राहत. कुलूप म्हणजे सुट्टीनंतरही त्या घरीच राहणार, आणि एकदा शाळा सुटलेली मुलगी कोणी परत पाठवत नाही, हे मुंजिया जाणून होती.

रमजान सरत आला होता. नेहमीप्रमाणे संस्थेची मंडळी रोजा सुटल्यावर हाजींकडे गेली, छतासाठी जकात, म्हणजे धर्माने दर साली काढायला सांगितलेले दान, मागितली. हाजींनी खजूर दिले, ताक दिले आणि म्हणाले, "अल्लाह देईल." दारातल्या भिकाऱ्याला वाटेला लावताना म्हणतात तेच शब्द. दर साली तेच.

खजिनदार रिदा चिडून म्हणाला, "ऑलिव्हच्या बियाही पिळून घेणारा माणूस तो. त्याच्याकडून काय सुटणार? हॉटेलात सत्कार ठेवू, दारावर नाव कोरू, मग बघा कसा विरघळतो."

"रिदा, तुझ्या मुलीला स्थळ आलं तेव्हा तू काय केलंस?" मुंजियाने विचारले.

"चौकशी केली. चार घरी विचारलं."

"आणि इथे? आपण दर रमजानला उठतो आणि हात पसरतो. तो माणूस कोण, कशाला देतो, कशाला नाही, कुणी विचारलंय कधी? मला आठ दिवस द्या. तोवर सत्काराचं नाव काढायचं नाही."

हेरगिरी करणार म्हणून मंडळी हसली. मुंजिया हसली नाही. दुसऱ्या दिवशीच ती बायकांच्या सार्वजनिक हमामखान्यात गेली, कारण बायका तिथे जेवढे बोलतात तेवढे कुठेच बोलत नाहीत. हाजींची एक चुलतबहीण अंगाला माती चोळता चोळता त्यांच्या थोरल्या मुलाच्या भानगडी सांगू लागली. मुंजियाने तिला मध्येच तोडले. "ते राहू दे, बाई. घरातलं घरात. मला फक्त एवढं सांग, तो दान कुठे करतो?"

चुलतबहिणीला तेही माहीत होते. आईच्या गावी हाजींनी विहीर खणून दिली होती. तिच्यावर नाव नव्हते. कुणीतरी रंगवले, तर स्वतः जाऊन खरवडून काढले होते. ऐकताना मुंजियाला रिदाचा सत्कार आठवला; बरे झाले, तो थांबवला.

मग ती त्यांच्या मोहल्ल्यातल्या मशिदीचे इमाम शेख तय्यब यांना भेटली. शेख म्हणाले, हाजींची जकात हिवाळ्यात निघते. तेल घाण्यातून उतरले की त्यातलाच वाटा त्याच आठवड्यात गरिबांच्या घरी जातो. रमजानात तुम्हाला द्यायला जकात उरतेच कुठे? आणि छताचे म्हणाल, तर त्यांनी मला मुद्दाम विचारले होते, इमारतीला जकात चालते का. मी नाही म्हणालो. जकात माणसाच्या हातात पडायला हवी, भिंतीत नाही.

मुंजिया पायरीवरच बसली. ज्याला सगळे कंजूष म्हणत होते, त्याने नियम पाळला होता. चुकीच्या महिन्यात, चुकीच्या खिशात हात घालत होतो ते आपणच.

हंगाम नसल्याने घाणे बंद असले तरी हाजी रोज सकाळी तिथल्या सावलीत बसून रांजण तपासत. मुंजिया एकटीच गेली.

"हाजी, मी जकात मागायला आले नाही."

त्यांनी वर पाहिले. "मग?"

"तुम्ही विहीर बांधलीत त्या पैशातलं मागायला आले. माणूस गेला तरी चालू राहतं, त्या दानातलं. नाव कुठेही लागणार नाही, सत्कार होणार नाही. आणि हिवाळ्यात तेल वाटाल तेव्हा आमच्या मुलींच्या आईबापांची घरं दाखवीन. जकात तिथे द्या. छताला नको."

हाजींनी रांजणाच्या काठावरून बोट फिरवले. "लल्ला मुंजिया," त्यांनी अदबीने हाक मारली, "इतकी वर्षं तुमची माणसं येतात. मला वाटायचं, यांना दीन-धर्म कळत नाही, की मी मूर्ख वाटतो?"

"आम्ही विचारलंच नाही. चुकलं."

"रोख देणार नाही मी. आधी छत बघीन."

"आत्ता बघा," मुंजिया म्हणाली आणि निघालीच.

शाळेत हाजी धापा टाकत गच्चीवर चढले. गुडघे टेकून त्यांनी चुना नखाने उकरला, उघड्या पडलेल्या तुळईला कान लावून ठोकून पाहिले. तुळई कुजली आहे, चुना भेसळीचा आहे, म्हणाले. माझे गवंडी आणि माझे लाकूड येईल, तुमच्या खजिनदाराने हात लावायचा नाही. खाली अंगणात रिदा तोंड पाडून उभा होता. रोख रक्कम त्याच्या पेटीत येणार नव्हती.

मुंजियाला पेटीची पर्वा नव्हती. ती जिन्याच्या तोंडाशी वाट अडवून उभी राहिली.

"गवंडी कधी येणार, हाजी?"

"येतील."

"दिवस सांगा. त्याशिवाय खाली उतरू देणार नाही."

हाजींनी ओढणीआडच्या त्या कणखर चेहऱ्याकडे पाहिले आणि पहिल्यांदा हसले. "उद्या. फज्रच्या, पहाटेच्या नमाजानंतर."

"मी दार उघडून बसते," ती म्हणाली आणि बाजूला झाली.