जाड आवाज

सन्मती मगदूमने महाबळेश्वरकडची पडलेली झाडं तोडायचं काम घेतलं आणि अडचण आल्यावर पहिला फोन जोतीराम साळुंख्याला केला. इस्लामपुरात फवारणीचे पंप, गवत कापायची, झाडं कापायची मशीनं दुरुस्त करणारी दुकानं चार होती. पण उंचावरच्या हवेत इंजिन चालवलेला माणूस एकच. जोतीराम पूर्वी सैन्यात, तोफखान्यात होता. चार पावलं टाकली तरी धाप लागते अशा जागी, बर्फात त्याने जनरेटर चालवले होते. सन्मतीने सांगलीहून दोन कोरी चेनसॉ आणली होती आणि वर नेल्यावर ती नुसती धूर ओकत होती. रेस दिली की गुदमरायची, लाकडाला टेकवली की बंद.

जोतीरामला त्याचं नवल वाटलं नाही. मशीन खालच्या हवेला बेतलेलं. वर हवा विरळ, पण पेट्रोल येतं तेवढंच. कार्बोरेटरचा स्क्रू थोडा आवळून पेट्रोल कमी करायचं, एवढंच काम. फक्त किती आवळायचा ते कानाने ठरवावं लागतं: पेट्रोल जास्त तर आवाज जाड, फार कमी तर बारीक.

आणि कान तर तोफांनी नेले होते. तो बहिरा नव्हता. समोरच्याचं बोलणं कळायचं, ट्रकची घरघर कळायची. पण बारीक आवाज एकेक करून निघून गेले होते. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी. दुकानात त्याचं काही अडत नसे. कुठल्या मशीनचा स्क्रू किती फेरे सोडायचा हे त्याला पाठ होतं. गिऱ्हाइकासमोर मान तिरकी करून तो ऐकल्यासारखं करी आणि गिऱ्हाईक समाधानाने निघून जाई. महाबळेश्वरच्या हवेला किती फेरे, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. नको म्हणावं असं मनात येऊन गेलं. पण कारण काय सांगणार?

जोतीरामचा पुतण्या शंभूराज मशीन चालवायला होता. दोघं सन्मतीच्या पिकअपमधून वर पोचले तेव्हा धुकं इतकं दाट होतं, की आडवं पडलेलं जांभळाचं झाड अगदी जवळ गेल्यावर दिसलं. बुंधा दोघांच्या कवेत न मावणारा. रस्ता पलीकडच्या वाडीचा, आणि वाडीला तेवढाच एक. झाडापलीकडे जीप उभी होती. आत एक म्हातारा श्वासासाठी धडपडत होता आणि त्याची सून त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिने एकदा मशीनकडे बघितलं, एकदा जोतीरामकडे.

जोतीरामने मशीन पिकअपच्या बॉनेटवर ठेवलं, सुरू केलं आणि स्क्रूला हात घातला. आवाज जाड होता, भरडल्यासारखा. त्याने थोडं आवळलं. थोडा फरक वाटला, पण जाडच. आणखी आवळलं. धूर कमी झाला. आवाज त्याला अजून जाडच लागत होता. शंभूराज शेजारी वाकून उभा होता. त्याला विचारावं असं जोतीरामच्या ओठांवर आलं होतं. पण सन्मती बघत होता, जीपमधली बाई बघत होती. त्याने आणखी एकदा आवळलं.

“घे आता,” तो म्हणाला.

मशीन लोण्यात सुरी जावी तसं लाकडात शिरलं. पलीकडे जमलेली वाडीतली माणसं पुढे सरकली. सन्मतीने जोतीरामच्या पाठीवर थाप मारली. बुंधा एका बाजूने चांगला हातभर कापला गेला आणि मग साखळी जागच्या जागी थांबली. शंभूराजने दोरी ओढून बघितली; ती तसूभर हलेना. जोतीरामने मशीनला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. या मशीनला तेल मिळतं ते पेट्रोलात मिसळूनच; पेट्रोल कमी, म्हणजे तेलही कमी. पिस्टन आतल्या आत चिकटला होता.

शंभूराज खाली बघत म्हणाला, “लय बारीक वरडत हुतं, नाना. शेवटाला तर शिट्टीवानी.”

“मग बोलला का न्हाईस?”

“मला वाटलं, तुमास्नी ऐकू येतंय.”

जोतीरामला जे ऐकू येत होतं त्यातलं बारीक सगळं गळून गेलं होतं. मशीन किंचाळत असतानासुद्धा त्याच्यापर्यंत खालचा जाडपणाच पोचत होता.

दुसरं मशीन काढलं. आता जोतीराम स्क्रू फिरवी आणि शंभूराज आवाज सांगे. पण आवाज सांगणार कसा? मगापेक्षा जाड, म्हणे. रिक्षासारखा, म्हणे, मग म्हणे, रिक्षापेक्षा बारीक. जोतीराम त्याच्या तोंडाकडे बघत राही आणि बोटं जागीच थांबत. त्याला हवा होता तो आवाज त्याला नीट आठवत होता: मोकळ्या रेसला किंचित फडफड, आणि लाकडाला लागल्यावर ती गेलेली. पण फडफड म्हणजे केवढी, हे शंभूराजला समजेना. हेही मशीन जाम झालं तर सगळंच संपलं, या धास्तीने दोघांनी स्क्रू जाडच्या बाजूलाच सोडला. मशीन धूर ओकत फांद्या कापत राहिलं. बुंध्याला लावलं की दम तोडी.

शेवटी वाडीतल्या माणसांनी म्हाताऱ्याला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून झाडावरून अलीकडे काढलं. खुर्चीचा एक पाय जोतीरामने धरला होता. म्हाताऱ्याचं तोंड त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं आणि छाती जोराने वरखाली होत होती. त्या छातीतून आवाज येत होता की नाही, हे जोतीरामला कळलं नाही. सन्मतीने म्हाताऱ्याला आणि सुनेला पिकअपमध्ये घालून दवाखान्याकडे नेलं. म्हातारा वाचला का, हे जोतीरामने नंतर विचारलं. सन्मतीने त्यांना दारात सोडलं होतं आणि तसाच परत फिरला होता. नाव विचारायचंही राहून गेलं होतं.

घरी आल्यावर जोतीरामने बायकोला, लीलाबाईला सगळं सांगितलं. कानाचंही सांगितलं. ती भाकरी थापत होती, तशीच थापत राहिली.

मग ती तोंड त्याच्याकडे वळवून म्हणाली, “मला ठावं हाय की. लय वर्सं झाली. आवं, मी तुमास्नी आतनं हाक मारती का कवा? म्होरं येऊन उभी ऱ्हाती.”

आजवर बोलली का नाहीस, असं तो तिला विचारणार होता. पण हाच प्रश्न त्याने वर शंभूराजला विचारला होता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून बसतो तोच शेजारच्या गावचा एक जण जुनं चेनसॉ घेऊन आला. रेस धरत नाही, म्हणाला. जोतीरामने मशीन उघडलं नाही. दुसऱ्या दुकानात जा, असं त्याने सांगितलं. माणूस हटेना, तेव्हा जोतीराम म्हणाला, “ह्ये कानाचं काम हाय. माझं कान गेल्यात.”

त्या माणसाला ती थट्टा वाटली. तो मोठ्याने हसला, मशीन टेबलावर ठेवलं, बाजार करून येतो म्हणाला आणि जोतीरामने हाक मारेपर्यंत गर्दीत दिसेनासाही झाला.