भिंतीपलीकडची अक्षरे

मित्रांनो, मी एक जुना बिनतारी कीबोर्ड आहे. मुलुंडच्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये, स्टीलच्या कपाटातल्या वरच्या खणात सध्या माझा मुक्काम आहे. माझ्या पोटातले सेल काढून घेतले आहेत, त्यामुळे संगणकाशी माझे बोलणे बंद झाले. तुमच्याशी बोलायला मात्र सेल लागत नाहीत.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या अंगावर एकेक कळ बसवली गेली आणि मला एका खोक्यात घातले. खोक्यात माझ्यासोबत एक माउस होता आणि एक लहानशी डबी होती. कोणी माझी कळ दाबली की मी हवेत एक लहर सोडायचो. संगणकाला जोडलेली डबी ती लहर ऐकायची आणि पडद्यावर अक्षर उमटायचे. माझ्यासारख्या जुन्या कीबोर्डांना मात्र हवेतल्या दोनच वाटा, म्हणजे चॅनेल, ठाऊक असतात. एवढे लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे रामायण त्यामुळेच घडले.

लॅबच्या मालकीण डॉक्टर नमिता मॅडम यांनी एकदम दोन संच आणले. मी सुगंधाताईंच्या टेबलावर आलो. माझा जुळा भाऊ प्लायवूडच्या पातळ भिंतीपलीकडे, ऋतिकाच्या काउंटरवर गेला. ऋतिका ही विशीतली मुलगी. ती येणाऱ्यांची नावे आणि फोन नंबर लिहून घ्यायची. सुगंधाताई रिपोर्ट टाइप करायच्या. आम्हाला बसवणाऱ्या माणसाने आम्हा दोघा भावांना दोन वेगळ्या वाटा नेमून दिल्या होत्या. त्यामुळे कित्येक वर्षे आमची एकमेकांशी गाठही पडली नाही.

सुगंधाताई पन्नाशी ओलांडलेल्या, मूळच्या मालवणकडच्या, राहायला कांजूरमार्गला. त्यांची बोटे हलकी होती. मी कधी आदळआपट सोसली नाही. संध्याकाळी जाताना त्या मला कोरड्या फडक्याने पुसून ठेवायच्या. नमिता मॅडम म्हणायच्या, "रिपोर्ट सुगंधाताईंनी टाइप केलाय ना, मग मला परत बघायला नको." हे ऐकले की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे, जरी माझ्या अंगात मांस नावालाही नाही.

मग एका वर्षीची खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्या लॅबमध्ये सगळ्या यंत्रांची पूजा होते. सूक्ष्मदर्शक, रक्ताच्या नळ्या फिरवणारे यंत्र, आम्ही दोघे भाऊ, सगळे एका टेबलावर ओळीने बसलो. हळदकुंकू लागले, झेंडूची फुले वाहिली गेली. पूजेआधी आमचे सेल काढून आम्हाला स्वच्छ पुसले होते. पूजा झाल्यावर जो तो घरी निघायच्या घाईत होता. सुगंधाताईंनी माझ्यात नवे सेल घातले, पलीकडे ऋतिकाने भावात घातले. आणि दोघींनी आपापल्या डबीचे जोडणीचे बटण एकाच वेळी दाबले. तिथेच घोटाळा झाला. आम्ही दोघांनी हवेतली एकच वाट धरली.

दुसऱ्या आठवड्यात सुगंधाताईंनी साखरेचा आकडा ९८ लिहिला आणि पडद्यावर ९८७ उमटला. तो सात पलीकडच्या कोणाच्या तरी फोन नंबरातला होता. मी शपथेवर सांगतो, त्यांनी सात दाबला नव्हता. पण कीबोर्डाची साक्ष कोण काढणार? कधी नावात भलतेच अक्षर घुसायचे, कधी दाबलेले अक्षर गळून जायचे. माउसचा बाण मधेच उडी मारून भलतीकडे जायचा. सुगंधाताई डोळे चोळायच्या, चुकलेले पुसायच्या, पुन्हा लिहायच्या. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचायच्या. तरी एके दिवशी एक चुकीचा रिपोर्ट मॅडमच्या सहीपर्यंत गेला. मॅडमनी तो वेळीच पकडला, नाहीतर अनर्थ झाला असता.

मॅडम त्यांच्या टेबलापाशी आल्या. "सुगंधाताई, राग मानू नका. लोकांच्या औषधांचा प्रश्न आहे. सोमवारपासून रिपोर्ट ऋतिका करेल, तुम्ही काउंटर सांभाळा."

"बरोबर आहे मॅडम," सुगंधाताई म्हणाल्या. त्या भांडल्या नाहीत, याचे मला फार वाईट वाटले. त्यांचा स्वतःवरचा विश्वासच उडाला होता. बोरिवलीला भावाकडे त्यांची आई असते. तिला विसरण्याचा आजार आहे. तिचेही असेच लहान लहान चुकांपासून सुरू झाले होते, आणि आता आपली पाळी आली, असे त्यांनी मनाशी धरून घेतले होते. घरी त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. मला कसे कळले म्हणाल, तर माणसे जे कोणाला सांगत नाहीत ते आमच्यावर टाइप करतात.

शनिवारी संध्याकाळी शेवटचा पेशंट गेला. ऋतिका काउंटरवर नुसती मोबाइल बघत बसली होती. सुगंधाताईंनी इकडेतिकडे पाहिले आणि इंग्रजी अक्षरांत मराठी प्रश्न टाइप केला: आईला विसरण्याचा आजार असेल तर मुलीला होतो का? मी प्रत्येक अक्षर जपून पोहोचवले. पण त्या वेळी वाट मोकळी होती, म्हणून ते सगळेच्या सगळे भिंतीपलीकडेही पोहोचले.

ऋतिका उठून आत आली. "ताई, आत्ता तू काय टाइप केलंस?"

"काही नाही गं."

"आईला विसरण्याचा आजार, असं काहीतरी?"

सुगंधाताईंचा चेहरा उतरला. "तू माझ्या मागे उभी होतीस?"

"नाही ना. माझ्या स्क्रीनवर आलं. पेशंटच्या नावाच्या जागी. माझ्याकडे रोज अशी भलती अक्षरं येतात. मी म्हटलं, मशीनची वाट लागलीय. पुसते आणि पुढे जाते."

"रोज? कधीपासून?"

"पूजा झाली ना, तेव्हापासून."

"आणि तू कोणाला बोलली नाहीस?"

"त्यात काय बोलायचं? मशीनच खराब आहे ना, यार."

सुगंधाताई हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, मीच बिघडलेय."

ऋतिकाच्या डोक्यात काहीतरी आले. "ताई, तू हात मांडीवर ठेव. अजिबात हलू नकोस," असे सांगून ती पलीकडे पळाली. सुगंधाताई हात मांडीवर ठेवून बसल्या. मला कोणीही शिवले नव्हते. तरी त्यांच्या पडद्यावर एकेक अक्षर उमटत गेले आणि त्यांचेच नाव तयार झाले. त्यांनी आपल्या हातांकडे पाहिले आणि त्या रडू लागल्या. मित्रांनो, इतक्या वर्षांत मी खूप काही लिहिले, पण न लिहिलेले ते नाव मला आजही सर्वांत प्रिय आहे.

मग ऋतिकाने मोबाइलवर उपाय शोधला आणि दोघी कामाला लागल्या. आम्हा दोघांचे सेल काढले. आधी एकट्या माझ्यात घातले, माझ्या डबीचे आणि माझे बटण दाबले. माझी अक्षरे नीट येतात हे पाहिल्यावरच भावाची पाळी आली. तेव्हा त्याने दुसरी वाट धरली. डब्या कपाटाच्या पत्र्यापासून आणि एकमेकींपासून दूर ठेवल्या. ऋतिका पलीकडे खूप वेळ टाइप करत राहिली, पण इकडे एकही अक्षर आले नाही.

मॅडम आपल्या खोलीतून निघण्याच्या बेतात होत्या. सगळे ऐकून त्या खुर्चीत बसल्या. "मी आधी तुमच्या शेजारी बसून बघायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

"मॅडम, मी तरी कुठे बघितलं?" सुगंधाताई म्हणाल्या. मग ऋतिकाकडे वळून त्या म्हणाल्या, "आईला आम्ही घरात सगळे ओरडतो गं. लक्ष कुठे असतं तुझं, म्हणतो. तिला किती भीती वाटत असेल, ते मला या दिवसांत कळलं."

त्यांनी तिथूनच बोरिवलीला फोन लावला. "आये, मी गो, सुगंधा. जेवलंय मी. सुंगटाची कढी केलेली." सुंगटे म्हणजे कोळंबी. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "होय, जेवलंय. सुंगटाची कढी केलेली." पलीकडून आणखी एकदा तोच प्रश्न आला असावा. ताईंनी आणखी एकदा तेच उत्तर दिले, आवाज न चढवता.

सुगंधाताई रिपोर्टच करत राहिल्या. मॅडमनी काही दिवसांनी तारेचे कीबोर्ड आणले आणि आम्ही दोघे भाऊ कपाटात आलो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. जिथे एका आकड्यावर माणसाचे औषध ठरते, तिथे आमच्यासारख्या जुन्यांनी बाजूला व्हावे हेच बरे.

फक्त एक मागणे आहे. यंत्रांची निगा राखा, दोन यंत्रे जोडताना एकामागून एक जोडा, घाई करू नका. आणि कोणाचे चुकू लागले तर ओरडण्याआधी त्याच्या शेजारी जाऊन बसा. कदाचित बिघाड दुसरीकडेच असेल आणि एक बटण दाबून सुटेल. कदाचित नसेलही. सुगंधाताईंच्या आईचा बिघाड कोणत्याही बटणाने सुटणारा नाही. तरी ताई आता सुट्टीच्या दिवशी बोरिवलीला जाऊन तिच्या शेजारी बसतात, आणि ती विचारेल त्याचे उत्तर ती विचारेल तितक्या वेळा देतात.