मान वर करायची नाही

पटर म्हणजे गोल्फमधली चपट्या डोक्याची काठी. होलजवळ आलेला बॉल तिने हलकेच ढकलायचा, एवढंच काम. "झाडू मारता येतो ना? मग हेही येईल," असं म्हणत माझ्या नवऱ्याच्या आत्याने शनिवारी सकाळी मला सरावाच्या हिरवळीवर उभं केलं. तीस वर्षं शाळेत खेळ शिकवून ती निवृत्त झालेली. आता गळ्यात शिट्टी नसते, पण आहे असंच वाटत राहतं.

"मान खाली."

मी मान खाली घातली, पटर मागे नेला, आणि तो बॉलला लागायच्या आत मान वर. बॉल अर्ध्या वाटेत थांबला.

"अगं, बॉल इथे आहे. तिकडे काय ठेवलंय?"

तिकडे, चाळीस पावलांवर, बाकावर माझी चिमणी होती. बापाच्या मांडीवर. पावलं मी मोजूनच आले होते.

चिमणी आठ महिन्यांची आहे. चौथ्या महिन्यात एकदा दूध घशात अडकलं आणि ती निळी पडली. मी कपड्यांच्या घड्या घालत होते, सहज मान वळवली म्हणून दिसलं. उचललं, पालथं घातलं, पाठीवर थापट्या मारल्या, रडली. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. सगळेच म्हणाले. पण माझ्या डोक्यात तो 'म्हणून' जो घुसला, तो निघेना. मी बघत होते म्हणून. तेव्हापासून मी अंघोळही दार उघडं ठेवून करते.

सोमवारी माझी रजा संपत होती. मी नकाशे काढणाऱ्या कचेरीत आहे. जमिनीची उंची मोजून आणतात, त्यावरून चढउताराच्या रेषा आखणं हे माझं काम. मला ते फार आवडतं. आणि पँटच्या खिशात, चार घड्या घातलेला, राजीनामा होता. नवऱ्याला ठाऊक नव्हतं. रात्री सांगू, असं मी चार रात्री ठरवत होते.

"चौदा बॉल, चौदाही अलीकडे," आत्या म्हणाली. "तू मारत नाहीस गं, विनंती करतेस."

मी वरमले आणि उगाच काहीतरी करायचं म्हणून उकिडवी बसून होलकडे बघितलं. "आत्या, इथे उतार डावीकडे आहे. पण होलच्या अलीकडे वीतभर उलटा चढ आहे. बॉल तिथे उजवीकडे वळणार."

"काहीतरीच. पाच वर्षं खेळतेय मी इथे." तिने बॉल मारला. तो डावीकडे गेला आणि शेवटी उजवीकडे वळून होलच्या कडेवरून निसटला. आत्या कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "म्हणजे तो मॅनेजर दर रविवारी मला इथे हरवतो ते ह्याच्यामुळे!"

मॅनेजर म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. ते मागेच उभे होते. "माझी पाळी घेऊ का? तुमचा बॉल माझ्या वाटेत आहे."

"तुझा बॉल उचल आणि जागेवर खूण ठेव," आत्या मला म्हणाली. "नाणं, बटण, जे चपटं असेल ते."

बाकाकडे बघत बघतच मी खिशात हात घातला, हाताला लागलं ते हिरवळीवर ठेवलं.

"नाणं जरा मोठं आहे," मॅनेजर अदबीनं म्हणाले.

वाऱ्याने एक घडी उलगडली होती. मी वाकेपर्यंत आत्याने कागद उचलला. पहिली ओळ वाचली, मग माझ्याकडे बघितलं. मॅनेजरांनी आपला बॉल घाईघाईने मारला आणि ते दुसऱ्या होलकडे निघून गेले.

"त्याला माहीत आहे?"

"नाही."

मला वाटलं आता व्याख्यान. तिने कागद घडी करून आपल्या टोपीत खोचला. "बॉल होलात पडला की आवाज येतो. मान वर न करता तो ऐकायचा. एकदा. मग हे तुझं तू दे नाहीतर फाड, मी तोंड उघडणार नाही."

मी बॉल पुन्हा जागेवर ठेवला. सहा पावलांचं अंतर. पटर मागे नेला, तेवढ्यात चिमणी रडली.

माझी मान ताठ झाली. हे भुकेचं रडणं नव्हतं, झोपेचं होतं. नवरा उठल्याचं कळलं, कारण तो गायला लागला. तो भयंकर बेसूर गातो. बॉलवर एक बारीक काळा ठिपका होता, मी त्याच्यावर डोळे रोवले आणि मारलं.

आवाज आला नाही. मी तशीच वाकून उभी. पायाखालचं गवत, माझ्या बुटाची सुटलेली लेस. थांबले, थांबले.

"आता बघ," आत्या म्हणाली.

बॉल होलच्या पुढे गेला होता. हातभर. पहिल्यांदाच. पण मी बघितलं ते बाकाकडे, आणि बाक रिकामा होता.

मी चारी बाजूंना बघितलं. मग ते दोघं झाडाखाली दिसले. तो येरझारा घालत होता, ती त्याच्या खांद्यावर गाढ झोपलेली. रडणं थांबलं होतं. कधी थांबलं, मला कळलंच नव्हतं. मी बघत नव्हते, आणि ती झोपली होती.

"रडतेस कशाला, हातभरच उरलाय," आत्या म्हणाली. "तो घाल."

मी घातला. टक्. डबीचं झाकण लागावं एवढाच आवाज.

आत्याने टोपीतून कागद काढून पुढे केला. मी उलटा केला. मागची बाजू कोरी होती. गुण लिहायची पेन्सिल तिच्याकडून मागून घेतली, मांडी घालून बसले आणि होल मधोमध धरून सगळ्या हिरवळीच्या रेषा आखायला घेतल्या. आखताना तीनदा झाडाकडे बघितलं. खोटं कशाला बोलू, चारदा.

"हे घ्या. उद्या जवळ ठेवा."

आत्याने कागद लांब धरून नीट बघितला आणि घडी करून टोपीत खोचला. "मॅनेजरला बोलायचं नाही हं," ती म्हणाली. "आणि सोमवारी किती वाजता निघतेस ते सांग. चिमणीकडे मी थांबेन."