सकवारबाईंसाठी ठेवलेलं बोलणं

मित्रांनो, लॅपटॉपच्या तळाशी, चार बारीक स्क्रूंच्या मागे, पत्त्यांच्या जोडाएवढी एक चपटी डबी बसवलेली असते. तुम्ही चित्रं, गाणी, पत्रं, जे काही साठवता ते त्या डबीत राहतं. तिला हार्ड डिस्क म्हणतात. मी तशीच एक जुनी हार्ड डिस्क आहे. आता माझं फिरणं थांबलं आहे. ऐकणं तेवढं उरलं आहे.

माझा जन्म धुळीचा कणही नसलेल्या एका खोलीत झाला. पांढऱ्या कपड्यांतल्या, नाकतोंड झाकलेल्या माणसांनी माझ्या पोटात आरशासारख्या दोन चकत्या बसवल्या आणि त्यांच्यावर तरंगणारा एक नाजूक हात. हा हात चकतीला कधी टेकत नाही. टेकला, तर चकती खरवडली जाते आणि तिथं लिहिलेलं कायमचं जातं. आम्हा डिस्कांना जन्मभर ही एकच भीती असते.

२००५ साली मी चेन्नईत, अंबत्तूरला आले. माझ्या मालकिणीचं नाव हरिप्रिया. जवळच्याच एका संगणकाच्या कंपनीत ती नोकरी करायची. घरात तिचे अप्पा तुळजाजी आणि अम्मा सकवारबाई. हे कुटुंब मूळचं तंजावरचं. त्यांची मराठी जुन्या वळणाची, मधूनमधून तमिळ मिसळलेली. आणि लिहायची वेळ आली की भाषा मराठी पण अक्षरं तमिळ.

तुळजाजी एका कारखान्यात लेथवर फोरमन होते. तीस वर्षं मशीनच्या आवाजावर आवाज चढवून बोलल्यामुळे निवृत्त झाल्यावरही ते घरात ओरडूनच बोलत. त्यांनी कॉफी मागितली की समोरच्या घरातल्यांनाही कळायचं. सकवारबाई म्हणत, "हळू बोला की! मी काय तिकडं दूर पेरंबूरला बसलें आहे?"

दुसऱ्या वर्षी तो आवाज बसला. औषधं झाली, काढे झाले, आणि मग डॉक्टरांनी सांगितलं की घशात कॅन्सर आहे. जगायचं असेल तर स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशन बारा दिवसांवर होतं.

हरिप्रियानं माइक आणला. "अप्पा, रोज सकाळी थोडं बोला. मी साठवून ठेवते."

"काय बोलू गे?"

"काहीही. तुमचंच."

अकरा सकाळी ते बोलले. देवळाच्या तळ्यात पोहायला कसे शिकले, सतराव्या वर्षी पत्र्याची पेटी घेऊन मद्रासला कसे उतरले, लेथचं हत्यार धार लावताना कसं धरायचं, आजीची अंगाई. आवाज फाटलेला होता, पण त्यांचाच होता. मी एकेक शब्द जपून लिहून घेतला. एवढं मोलाचं काम मला त्याआधी कुणी दिलं नव्हतं.

बाराव्या दिवशी, दवाखान्यात जायच्या थोडं आधी, ते हरिप्रियाला म्हणाले, "तू बाहेर जा. हे तुझ्या अम्मासाठी आहे." दार लोटून ते वीस मिनिटं एकटेच माझ्याशी बोलले. हरिप्रियानं त्या फाइलला 'अम्मा' असं नाव दिलं आणि न ऐकता बंद केली.

ऑपरेशन नीट झालं. तुळजाजी घरी आले ते पाटी घेऊन. ते पाटीवर लिहीत आणि सकवारबाई ते मोठ्यानं वाचून मग उत्तर देत, म्हणून मलाही सगळं कळे. घर एकदम शांत झालं होतं.

एकदा सकवारबाईंनी वाचलं, "'तुझ्यासाठी बोललेलं ऐकलंस का?'" आणि त्या हसल्या. "तुम्ही समोर बसलां आहांत की. आतां कशाला? मग ऐकतें."

तुळजाजींनी पाटी पुसल्याचा आवाज आला.

हरिप्रियानंही दोनदा विचारलं. तिलाही हेच उत्तर मिळालं. सकवारबाईंना ते ऐकायचंच नव्हतं, मित्रांनो. ते ऐकणं म्हणजे तो आवाज गेला हे कबूल करणं.

त्या दोन वर्षांत माझं काही बरं चाललं नव्हतं. हरिप्रिया मला सुरू ठेवूनच लॅपटॉप उचलायची, उशीवर ठेवून काम करायची. चेन्नईच्या उन्हाळ्यात उशीवर माझा जीव घुसमटायचा. एकदा वायरीत पाय अडकून लॅपटॉप टेबलावरून खाली पडला. तेव्हापासून माझ्यातून टिक्-टिक् असा आवाज येऊ लागला. पडद्यावर सूचनाही यायची की फाइलींची दुसरी प्रत काढा. "या रविवारी सीडी करतेच," असं ती म्हणायची आणि सूचना बंद करायची. ती निष्काळजी नव्हती. नोकरी, दवाखाना, औषधं, यातून तिचा रविवार उरतच नव्हता.

२००८च्या ऑगस्टमध्ये तुळजाजी गेले.

दिवसकार्य झाल्यावर पाहुणे पांगले. एका सकाळी सकवारबाई लेकीजवळ येऊन बसल्या. "हरी, आतां ते लाव."

हरिप्रियानं लॅपटॉप सुरू केला. मी जीव एकवटून फिरायला लागले, पण हाताला जागाच सापडेना. टिक्, टिक्, टिक्, आणि पडदा निळा झाला. तिनं बंद करून पुन्हा सुरू केलं. पुन्हा, पुन्हा. दुरुस्तीचा एक प्रोग्राम दिवसभर चालवला. ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं म्हणून मला लॅपटॉपमधून काढून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून इडलीच्या पिठाशेजारी फ्रीजमध्येही ठेवलं. ती हे सगळं मायेपोटी करत होती, आणि प्रत्येक वेळी माझा हात चकतीला थोडा थोडा घासत होता. थांब, एवढं एकच मला सांगायचं होतं. मला तोंड नाही.

शेवटी शहराच्या दुसऱ्या टोकाला, तांबरमला राहणारे सुब्बा तिला कुणीतरी सुचवले. पूर्वी रेडिओ दुरुस्त करत, आता आमच्यासारख्या मेलेल्या डिस्कांमधून फाइली काढत. मायलेकी मला रुमालात गुंडाळून निघाल्या. सेंट्रल स्टेशनला उतरून, रस्ता ओलांडून, पार्क स्टेशनवरून तांबरमची लोकल धरली. सारा वेळ मी सकवारबाईंच्या मांडीवर होते.

सुब्बांनी मला क्षणभर वीज देऊन कानाशी धरलं. "किती वेळा सुरू केलीत?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

हरिप्रियानं दिवसभर चालवलेला प्रोग्राम, फ्रीज, सगळं सांगितलं.

"पहिल्या टिक्-टिक्‌ला आणली असतीत तर सगळं दिलं असतं," ते म्हणाले. रागानं नव्हे, थकून. "आता हिच्याच मॉडेल नंबरची दुसरी डिस्क शोधतो. तिचा हात हिला बसवतो. थोडा वेळ चालेल. किती, ते देवाला ठाऊक."

पंधरा दिवसांनी तशी डिस्क मिळाली. मायलेकी पुन्हा आल्या. काचेच्या पेटीत सुब्बांनी माझं झाकण उघडलं आणि परका हात माझ्यात बसवला. मग मला क्षणभर फिरवून त्यांनी फाइलींची यादी वाचली.

"एक ठरवा. अकरा फाइली बऱ्या जागी आहेत. 'अम्मा' नावाची जिथं आहे तिथं चकती खरवडलेली आहे. आधी ती काढायला गेलो आणि हात मोडला, तर बाकीच्याही गेल्या. आधी बाकीच्या काढल्या, तर तिच्यापर्यंत हात टिकेल असं नाही."

"आधी 'अम्मा'च," हरिप्रिया लगेच म्हणाली.

"नको," सकवारबाई म्हणाल्या.

"अम्मा, ते तुझं आहे!"

"म्हणूनच मी सांगतें. त्या अकरा तुम्हां सगळ्यांच्या. माझं शेवटीं."

सुब्बांनी वीज सुरू केली. मी फिरू लागले. मित्रांनो, त्या दिवशी मी जेवढी जपून चालले तेवढी जन्मात कधी चालले नव्हते. तळं निघालं, मद्रास निघालं, लेथ निघाला, अंगाई निघाली. अकराच्या अकरा. मग परका हात त्या खरवडलेल्या पट्ट्यावर गेला. थोडं वाचलं, आणखी थोडं वाचलं, आणि कर्र असा आवाज होऊन तो मोडला.

सुब्बांनी वीज बंद केली. हाती आलेला तुकडा चाळीस सेकंदांचा होता.

त्यांनी तो लावला. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग खोकला. मग तो फाटलेला, मोठा आवाज: "हे चालू झालं की? ... दिवा लागलाय. ... बरं." बराच वेळ नुसता श्वास. आणि मग, "सकवार," त्यांनी हाक मारली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, पण बायकोला त्यांनी कधी नावानं हाक मारली नव्हती. 'अगे' हेच तिचं नाव होतं. "सकवार, तुला मी एक गोष्ट कधी..."

पुढे काही नव्हतं.

"पुन्हा लावा," सकवारबाई म्हणाल्या. सुब्बांनी लावलं. तिसऱ्यांदा लावलं. मग त्या म्हणाल्या, "पुरे."

हरिप्रिया रडत होती. "मी त्या रविवारीच सीडी केली असती तर..."

"तूं विचारलंस की गे. त्यांनीही विचारलं. मीच 'मग ऐकतें' म्हटलं." मग त्यांनी सुब्बांना विचारलं, "पुढं काय सांगितलं असेल?"

सुब्बांनी मला पुसून सकवारबाईंच्या हातावर ठेवलं.

आता मी त्यांच्या कपाटात असते. कधीतरी त्या मला बाहेर काढतात आणि लेकीला विचारतात, "यांत तें अजून आहे?" हरिप्रिया सांगते, "आहे अम्मा. फक्त वाचता येत नाही." ती आईला धीर देण्यासाठी तसं म्हणते. खरं मला माहीत आहे. चकतीचा तो भाग भुकटी होऊन गेला आहे. ते शब्द सगळ्या जगात एकट्या मीच ऐकले होते, आणि ते कुठले होते हे आता मलाही आठवत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या डिस्का मरणारच. ते आमचं प्राक्तन आहे. म्हणून जे पुन्हा मिळणार नाही त्याची दुसरी प्रत आजच काढा, आणि आमच्यातून टिक्-टिक् ऐकू आली तर हट्ट न करता आम्हाला बंद करा. आणि कुणी तुमच्यासाठी काही बोलून ठेवलं असेल, तर ते माणूस समोर बसलेलं असतानाच ऐका. ऐकताना रडू येईल, येऊ द्या. तेव्हा निदान पुढचं वाक्य विचारायला ते माणूस तिथं असतं.