मानेवरच्या दोन रेघा

"देवराम, नीट बघा. मानेवर दोन काळ्या रेघा आहेत का?"

टांग्यावर एक पाय ठेवूनच डॉक्टरांनी काड्यापेटी पुढे केली. आत बोटाच्या पेरापेक्षाही लहान झुरळ होतं. "माझा चष्मा बॅगेत आहे. रेघा असतील, तर हे मुंबईहून औषधांच्या खोक्यातून आलंय. कपाटातच राहतं आणि लेबलांची खळ खातं. नसतील, तर मोरीतल्या मोठ्या लाल झुरळाचं पिल्लू समजा. मोरीत फिनेल ओता."

देवरामने पेटी उजेडाला धरली, डोळे बारीक केले. त्याला एक तपकिरी डाग तेवढा दिसला.

"नाहीत, साहेब."

डॉक्टर मुरबाडच्या दवाखान्याला निघून गेले. शहापूरच्या या दवाखान्यात अठरा वर्षं कंपाउंडरी केलेल्या माणसावर त्यांनी अविश्वास का दाखवावा? पण दोन वर्षांपासून देवरामला अक्षरच दिसत नव्हतं. बरण्या तो लेबलांच्या काठांवरून ओळखी. निळा काठ खायच्या सोड्याचा, लाल काठ डोळे धुवायच्या बोरिकचा. हे कुणाला कळलं तर आपल्याला घरी बसवतील, ही धास्ती त्याला धड जेवू देत नसे.

त्याने इमानाने मोरीत फिनेल ओतलं. झुरळं कपाटात सुखाने नांदत राहिली.

तिसऱ्या दिवशी सापगावची बाईजा तान्ह्या मुलाला घेऊन आली. "पोट फुगलंय याचं, दादा. रडायचा थांबत नाय." देवरामने निळ्या काठाच्या बरणीतून पुड्या बांधल्या. "घरी गेलीस की कोमट पाण्यातून चिमूटभर दे."

ती गेल्यावर झाडलोट करणारी भिमी फडकं पिळत म्हणाली, "दादा, आज सकाली बरण्या पुसायला काढल्या ना, तवा दोन कागद गळून पडले. मीच चिकटवले, भाताची खळ लावून. बरोबर लागले ना? मला कुठं वाचता येतं."

देवरामने घाईने लिंबू कापलं, निळ्या काठाच्या बरणीतली चिमूट बशीत घेऊन त्यावर पिळलं. सोडा असता तर फसफसला असता. पूड नुसतीच ओली होऊन बसली. ते बोरिक होतं आणि तान्ह्याच्या पोटात ते विषच.

तो तसाच अनवाणी सापगावच्या वाटेला लागला. पुढे चालणारी प्रत्येक बाई त्याला बाईजा वाटे. दोघींना त्याने हाक मारून थांबवलं आणि दोघी भलत्याच निघाल्या. एकदा दगड न दिसून तो आपटला. अखेर त्याला बाईजा दिसली नाहीच, नदीकाठी पोराचं रडणं तेवढं ऐकू आलं.

ती पाण्याजवळ बसली होती. मांडीवर पोर, हातात उघडी पुडी.

"दिलंस का गो?"

"नाय अजून. घरापर्यंत कुठं थांबू, त्याचं रडणं बघवत नाय. काय झालं?"

देवरामने तिच्याकडच्या सगळ्या पुड्या पाण्यात सोडल्या. "माझ्या हातून चूक झाली, बाय. चल, दुसरं औषध देतो."

दवाखान्यात लाल काठाच्या बरणीतली पूड लिंबाने फसफसली. बाईजा औषध घेऊन गेली. मग देवरामने सांगितलं तसं भिमीने कपाटाच्या फळीवरचं एक झुरळ चिमटीत धरलं.

"याच्या मानेवर काय दिसतं, भिमे?"

"दोन रेघा. काल्या, काजलाच्या काडीनं ओढल्यावानी. हे पिल्लू नाय, मादी हाय, दादा. अंड्यांची पिशवी शेपटाला घेऊनच फिरते. मोरीतली मोठी तशी नाय, ती पिशवी कुठंतरी चिकटवून जाते." मग तिचा आवाज उतरला. "कागद मी चिकटवले म्हणून सायबांना माझं नाव सांगाल?"

"सांगणार," देवराम म्हणाला. भिमी दाराआड जाऊन उभी राहिली.

संध्याकाळी टांगा आला. डॉक्टर खुर्चीवर बसेपर्यंत देवराम थांबला.

"साहेब, त्या झुरळाच्या मानेवर दोन रेघा आहेत."

"तुम्ही तर नाहीत म्हणाला होतात."

"मला दिसत नाहीत, साहेब. भिमीला दिसतात."

देवरामने कमरेच्या करगोट्याला बांधलेल्या कपाटाच्या किल्लीची गाठ सोडली आणि किल्ली टेबलावर ठेवली. ती गाठ सोडायला त्याला खाली बघावं लागलं नाही.