पायाळू पाय

कृष्णाबाईने डावा पाय मुलाच्या कमरेवर ठेवला आणि अंगठा दाबून खाली ओढला. ओटीवर पालथा पडलेला चांगदेव ओरडला. एवढा ट्रक चालवणारा गडी, आणि पोरासारखा ओरडतो!

"दम धर जरा. थलपासून रेवसपर्यंतची मानसं या पायाखालून उठून चालत गेल्यात. तुझीच उसन काय निराली हाय?"

कृष्णाबाई पायाळू. आईच्या पोटातून पाय आधी बाहेर आलेले. पाठीत उसण भरलेला माणूस तिच्या दारातून कधी माघारी गेला नव्हता. पण चांगदेवाची उसण दिवाळीपासून हटत नव्हती. रोज पाय लावायचा, रोज तो ओरडायचा.

विनिता दारात उभी होती. चांगदेवाचीच मुलगी, परदेशात मणके बसवायची डॉक्टरकी शिकून आलेली. सकाळी तिनेच बापाला अलिबागला नेऊन पाठीचे एक्स-रे फोटो काढून आणले होते.

"तुझ्यासंगं शिकलेली पोरं काय करतात म्हनालीस?" कृष्णाबाईने विचारले.

"कुणी खेळाडूंच्या पाठी बघतं, कुणी तान्ह्या बाळांच्या."

"आनि तू फोटोंच्या! म्हंजे कालवन न चाखता झाकन उघडून नुसती बघनारी."

चांगदेव हसायला गेला आणि कळवळला.

विनिताने फोटो दाराच्या उजेडात धरला. धरूनच राहिली.

"काय सरकलंय ते सांग गो. बरोबर बसवते मी."

विनिता फोटो पाकिटात सारू लागली. तो काही केल्या आत जाईना.

"आजी, यापुढे बाबांना पाय लावू नकोस."

"मंग तू बसवनार?"

"मीही नाही. कुणीच दाबायचं नाही तिथं." तिचा आवाज खाली आला. "उद्या परळला न्यायचं त्यांना."

गेल्या साली आळीतल्या येसूबाईच्या नवऱ्याला गाठ निघाली तेव्हा परळच्याच दवाखान्यात नेले होते. नेताना तो आपल्या पायांनी रिक्षात बसला होता.



संध्याकाळी शेजारचा दादू कमरेवर हात ठेवून, वाकडा होत अंगणात आला.

"काकी, उसन भरली गो. जरा पाय लाव."

"आधी फोटो काढून ये."

"कसला फोटो? चेष्टा करतंस व्हय?"

ती ओटीवरून हलली नाही. दादू थोडा थांबला आणि तसाच वाकडा परत फिरला.

"आये," आतून चांगदेवाने हाक मारली. "दादूला का गो माघारी धाडलास?"

कृष्णाबाईने डावा पाय लुगड्याखाली ओढून घेतला.